सहल कुठे न्यावी : थीम पार्क, शिवनेरी, खोडदची दुर्बीण की शेजारचं गुऱ्हाळ?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत हा विषय निघतोच. मुलांना थीम पार्क हवं असतं, पालकांना जाताजाता देवदर्शन, मुख्याध्यापकांना एका दिवसात आटोपेल ते. मी दौंड तालुक्यात शिकवते आणि सहलीचं नियोजन बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ज्यांच्यावर यंदा ही जबाबदारी आली आहे, त्यांच्यासाठी मी स्वतः मुलांना नेलेल्या चार ठिकाणांची ही तुलना.

तुलना करताना मी एकच गोष्ट बघते: त्या जागी पोचल्यावर मूल स्वतः काय करतं? नुसतं बघतं, की मोजतं, विचारतं, ताडून पाहतं? सुरुवातीच्या एका वर्षी मी दोन दिवसांत सात ठिकाणं कोंबली होती. परतल्यावर मुलांनी लिहिलेल्या निबंधांत बस, भेंड्या आणि धाब्यावरचं जेवण होतं. सातपैकी एकाही जागेबद्दल धड चार ओळी नव्हत्या. मुलांची काही चूक नव्हती, मीच त्यांना कुठे थांबू दिलं नव्हतं.

एकाच जागी नीट घालवलेला तास पुरतो का, अशी शंका असेल तर अमेरिकेतला एक अभ्यास सांगते. आर्कान्सा राज्यात 2011 मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय सुरू झालं. सहलींसाठी इतके अर्ज आले की सोडत काढावी लागली. त्यामुळे भेट मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना आपोआपच शक्य झाली. 123 शाळांतल्या जवळपास 11,000 मुलांची पाहणी झाली. संग्रहालयातला फेरफटका साधारण तासाभराचाच होता. तिथल्या एका चित्रात गुलामगिरीचे विरोधक मेपलच्या झाडाचा पाक करताना दिसतात. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या साखरधंद्याला शह द्यायचा, हा त्यांचा हेतू. काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा ते चित्र पाहिलेल्या 88 टक्के मुलांना हे सांगता आलं. एखादी कलाकृती बारकाईने पाहून तिच्याविषयी विचार मांडण्यातही भेट दिलेली मुलं पुढे होती, आणि हा फायदा गावाकडच्या व गरीब घरातल्या मुलांना जास्त झालेला दिसला. आपल्या वर्गात नेमकी हीच मुलं बसलेली असतात.

थीम पार्क

मुलं इथे मनापासून खूश होतात, आणि त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. वर्गात गप्प बसणारी मुलगी पाळण्यात बसून किंचाळते, तेव्हा तिची मैत्रिणींशी जुळलेली गट्टी वर्षभर टिकते. पण दिवसाचा मोठा भाग रांगेत जातो. उंचावरून सुटणाऱ्या गाडीत स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते हे खरं, पण त्या गर्दीत ते समजावून सांगणं मला एकदाही जमलेलं नाही. शिवाय चारही पर्यायांत हाच सर्वांत महाग. तिकिटाची रक्कम ऐकून काही मुलं 'मला गाडी लागते' असं सांगून नाव मागे घेतात. कारण काय ते आपल्यालाही माहीत असतं. दहावीच्या निरोपाची सहल म्हणून अवश्य जा, शैक्षणिक सहल म्हणून मी याची निवड करणार नाही.

शिवनेरी

चौथीच्या वर्गासाठी माझं मत ठाम शिवनेरीला आहे. वर्षभर ज्या शिवरायांचा इतिहास ही मुलं शिकतात, त्यांचा जन्म 1630 मध्ये याच गडावर झाला. पण जन्मस्थानाला नमस्कार आणि समूहफोटो एवढ्यावर सहल संपवली, तर गड पाहायचा राहूनच जातो.

पायऱ्यांच्या वाटेने चढताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. एकाचं नावच परवानगी दरवाजा. मुलांना दरवाजे मोजायला सांगा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, 'तू शत्रू असतास तर इथून कसा शिरला असतास?' वाट का वळते, वरच्या बुरुजावरून खालचा माणूस कसा टप्प्यात येतो, हे चौथीचं पोर स्वतः शोधून काढतं. मग वर गंगा-जमुना टाक्यांपाशी बसवा. कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी कसं टिकत असेल? गडावर दोनशे माणसं राहिली तर रोज किती हंडे लागतील? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे हा प्रश्न मुलांना परका वाटत नाही. एका मुलाने अंबरखान्यासमोर विचारलं होतं, 'बाई, धान्य वर आणायचं कोण?' इतिहासाची याहून चांगली सुरुवात मी तरी पाहिलेली नाही.

अडचणीही आहेत. चढाला दम लागतो, माकडं डबे पळवतात, कडेलोट टोकाकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. साखळीच्या वाटेने शाळेची मुलं नेऊच नका. आणि वेळ उरला म्हणून आणखी दोन ठिकाणं जोडू नका, पूर्ण दिवस गडालाच द्या.

खोडदची महाकाय दुर्बीण

शिवनेरीच्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यांतल्या 14 मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. आठवी-नववीसाठी याच्या तोडीचं ठिकाण आपल्या जिल्ह्यात मला दुसरं दिसत नाही.

मात्र तयारीशिवाय गेलात तर मुलं हिरमुसतात. दुर्बीण म्हटल्यावर डोळा लावायची नळी आणि पलीकडे चंद्र, अशी त्यांची कल्पना असते. इथे दिसतं ते जाळीचं प्रचंड कटोरं, जे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करतं. म्हणून आदल्या आठवड्यात मैदानावर साडेबावीस मीटरची दोरी घेऊन एक वर्तुळ आखा. एवढी एक तबकडी, हे पायाने चालून कळलं की तिथे गेल्यावर प्रश्न आपोआप येतात. मोबाइल बंद ठेवायला सांगतात तेव्हा कारणही मुलांनाच शोधू द्या: ताऱ्यांकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात की खिशातला फोन त्यांना बुडवून टाकतो.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन भरतं. वातावरण छान असतं, पण गर्दीही असते. शास्त्रज्ञांशी निवांत बोलायचं असेल तर परवानगी काढून दुसरा दिवस ठरवा. हाताने कळ फिरवून, दोरी ओढून शिकायचं असेल तर मुंबईतलं वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र जास्त सोयीचं. आमच्याकडून मात्र जाण्यायेण्यातच दिवस सरतो.

शेजारचं गुऱ्हाळ

याला पालक नाराज होतात. 'सहल म्हणून गुऱ्हाळात?' असं मला तोंडावर विचारलं गेलंय. तरी सहावी-सातवीसाठी मी हा पर्याय पहिल्या क्रमांकावर ठेवते. दौंडमध्ये ती ढिगाने आहेत. खर्च जवळपास शून्य, त्यामुळे एकही मूल घरी राहत नाही.

उसाचा रस काहिलीत पडतो, खाली वाळलेल्या चिपाडांचा जाळ, वर तरंगणारी मळी काढणं चाललेलं. पाणी 100 अंशांना उकळतं, मग पाक 115 च्या वर कसा जातो? एक टन उसातून साधारण 100 किलो गूळ निघतो, तर बाकीचं वजन गेलं कुठे? गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायची वेळ ठरवतो. त्याच्याकडे तापमापी नसतो. गेल्या वेळी मुलींनी त्याची हिंदीत मुलाखत घेतली, कारण तो उत्तर प्रदेशातून आलेला होता. किती महिने घराबाहेर, मुलं कुठे शिकतात, पैसे कसे पाठवतोस, हे सगळं त्यांनी विचारलं. यातलं काही मी शिकवलं नव्हतं. काहिलीभोवती दोरी बांधून अंतर राखा, उकळता पाक फार वाईट भाजतो.

दहावीच्या भूगोलात क्षेत्रभेटीचा पाठ आहे आणि प्रश्नावली तयार करणं हा त्याचा भाग. गुऱ्हाळावर तीच प्रश्नावली तीनदा जाऊन तपासता येते: हंगाम सुरू होताना, ऐन थंडीत आणि संपताना. शिवनेरीला तीनदा कोण नेणार?

समुद्राचा पर्याय मी तुलनेत घेतलाच नाही. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून मुलांना घेऊन पाण्याजवळ जायला माझं मन धजत नाही.

तेव्हा चौथीला शिवनेरी, सहावी-सातवीला गुऱ्हाळ, नववीला खोडद. आठवीला पैसे जमले तर खोडद, नाही तर गुऱ्हाळ. बससाठी आधी एसटीच्या आगारात विचारा, शालेय सहलींना भाड्यात 50 टक्के सवलत मिळते. खोडदचं परवानगीपत्र, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणि पालकांची संमतिपत्रं यांना वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाका. आणि सहलीनंतरच्या दिवसाचे पहिले दोन तास वेळापत्रकात आत्ताच मोकळे ठेवा, मुलांना त्या दिवशी खूप बोलायचं असतं.