बेंडचं टेदरो: इथे गोल्फ जमिनीवरून खेळायचं

पोर्टलंड-हिल्सबरो साइडला राहणारे आपले बरेच जण आता गोल्फ खेळायला लागलेत आणि ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारतं की बेंडला (ओरेगॉनमधलंच, कॅस्केड्स डोंगररांगेपलीकडचं शहर) जातोय, कुठलं कोर्स म्हणजे गोल्फचं मैदान खेळू, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं उत्तर बेंडचं टेदरो कोर्स. पण जायच्या आधी हे वाचा, कारण आपल्याकडच्या ओल्या, मऊ कोर्सवर खेळतो तसं तिथे खेळायला गेलात तर पैसे घालवून वैतागून परत याल.

आधी जागा. हायवे 26 नी माउंट हूड ओलांडला की अर्ध्या-पाऊण तासात हिरवी झाडी संपते आणि वॉर्म स्प्रिंग्जच्या पुढे एकदम कोरडा, पिवळट-करडा मुलूख सुरू होतो. सगळा पाऊस कॅस्केड्सच्या डोंगरांनी अलीकडच्या बाजूलाच अडवलेला असतो, आपल्याकडे घाटमाथ्यावर धो धो आणि माण-खटावला टिपूस नाही, अगदी तोच प्रकार. बेंड साधारण 3600 फुटांवर आहे, हवा विरळ, त्यामुळे बॉल थोडा लांब जातो, 150 यार्डांचा शॉट पाच-सहा यार्ड पुढे पडेल हे धरून चाला. आणि जूनमध्येसुद्धा सकाळी सातला जॅकेट लागतं, अकरा वाजता टीशर्टमध्ये घाम येतो. पाणी, सनस्क्रीन, लिप बाम हे तिन्ही बॅगेत हवंच, ओठ फुटतात खरंच.

टेदरो 2008 ला सुरू झालं, डिझाइन डेव्हिड मॅक्ले किड यांचं. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचं पहिलं बँडन ड्यून्स कोर्स, 1999 चं, ते ह्यांनीच केलं. माणूस मूळचा स्कॉटलंडचा, वडील ग्लेनईगल्सच्या कोर्सची देखभाल बघायचे, त्यामुळे तिकडचं लिंक्स गोल्फ (समुद्रकाठच्या टणक, उंचसखल जमिनीवरचं) ह्यांच्या अंगातच आहे आणि त्यांनी तेच समुद्रापासून इतक्या लांब, वाळवंटी माळावर आणून बसवलं. गवत फेस्क्यू. बारीक, ताठ, कमी पाण्यावर जगणारं, उन्हाळ्यात जरा तपकिरी दिसतं. नवीन लोकांना वाटतं की गवत वाळलंय, मेंटेनन्स नीट नाही. तसं अजिबात नाहीये, ते असंच हवं, कारण खालची जमीन टणक राहते आणि बॉल पडल्यावर धावतो.

आणि धावतो म्हणजे किती! आमच्यातल्या एकाने एका पार-4 ला (चार फटक्यांत बॉल खळग्यात घालायचं होल) आठ नंबरच्या आयर्ननी, म्हणजे लोखंडी काठीनी, मस्त उंच शॉट मारला, बॉल झेंड्याच्या बाजूला पडला, आम्ही टाळ्या वाजवल्या, तर तो दोन उड्या मारून ग्रीनच्या (झेंड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत) मागच्या उतारावरून खाली गायब. त्याच होलवर वहिनी, ज्या गेल्या वर्षीच शिकल्यात, ग्रीनच्या बाहेर चांगल्या पंचवीस पावलांवर होत्या, त्यांनी सरळ पटर (बॉल जमिनीवरून ढकलायची काठी) काढला, बॉल डावीकडच्या उंचवट्यावर चढवला, तो वर जाऊन जवळजवळ थांबला आणि मग हळूहळू उजवीकडे वळत उतरला तो झेंड्यापासून तीन फुटांवर. हे कोर्स असं खेळायचं. वेज (बॉल उंच उडवायची काठी) बॅगेतच राहू द्या, सात नंबरनी बुटका शॉट मारून बॉल पळवा, नाहीतर लांबूनच पटर वापरा. झेंड्याकडे बघण्याआधी उतार कुठे नेतोय ते बघा. ज्याला ताकद कमी पण डोकं शांत, त्याला इथे जास्त मजा येते असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात लक्षात राहतं ते सतरावं. पार-3, प्युमिसच्या जुन्या खाणीत बसवलेलं (प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा तो हलका भुसभुशीत दगड, पाण्यावर तरंगतो, आपण टाच घासायला वापरतो तो). एका होलसाठी जायचं तर ह्याच होलसाठी जा म्हणेन. बाकी कोर्सभर सेजब्रशची झुडपं, ऊन तापलं की त्याचा कडवट-गोड वास सुटतो, आणि पलीकडे कॅस्केड्सची बर्फाची शिखरं.

आता अवघडपणाबद्दल. टेदरो कठीण आहे, आणि हे फक्त माझं म्हणणं नाही, किड यांनी स्वतः नंतर जाहीरपणे म्हटलंय की त्या काळातली त्यांची काही कोर्सेस साध्या खेळाडूसाठी जास्तच कडक झाली आणि मग वॉशिंग्टन राज्यातलं गॅम्बल सँड्स, 2014 चं, त्यांनी मुद्दाम मोकळं, खेळायला सोपं केलं. त्यामुळे मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) सात हजारांवर यार्ड खेळायचा हट्ट नको, पुढच्या टीवरून खेळा, त्यात काही कमीपणा नाही. फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) चुकून बॉल झुडपात गेला तर शोधत बसू नका, मागचे लोक खोळंबतात. नुकतंच शिकायला लागलेल्यांनी आधी बेंडजवळच्या सनरिव्हरला मेडोज नावाचं कोर्स खेळावं, तिथे रुळलात की मग इकडे या.

स्वस्त नाहीये हे आधीच सांगतो, पण दुपारनंतरचे रेट बघा, उन्हाळ्यात उजेड उशिरापर्यंत असतो. खेळून झाल्यावर तिथल्याच द रो नावाच्या पबमध्ये बसा, बाहेरची जागा मिळाली तर उत्तम. घरच्या मंडळींना गोल्फमध्ये रस नसेल तरी अडचण नाही, डाउनटाउन आणि डेशूट्स नदी गाडीने अगदी जवळ, माउंट बॅचलर डोंगराचा रस्ता बाजूनेच जातो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर येऊ शकतो, त्यामुळे मी तरी जून किंवा जुलैची सुरुवात धरेन, आणि ऑगस्टमध्येच जायचं असेल तर बुकिंगच्या आधी कॅन्सल करायचे नियम नीट वाचून घ्या.