‘जाल’चं ‘पहिल्या खेळाचं’ पोस्टर आणि माझे १४,००० रुपये

जुनी सिनेमाची पोस्टरं जमवणाऱ्यांनो, त्यातही बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनो, हे वाचाच.

गुरुदत्त म्हटलं की लोक ‘प्यासा’ काढतात, फार तर ‘बाजी’. त्याचाच १९५२ चा ‘जाल’ कुणाच्या तोंडी नसतो. आठवलाच तर ‘ये रात ये चाँदनी’पुरता. मला तो सगळ्यांत जवळचा. गोव्याचा किनारा, कोळ्यांची वस्ती आणि देव आनंद चक्क तस्कर, गीता बालीला फसवणारा. आम्हा खानापूरकरांना गोवा घाट उतरला की आलाच, म्हणूनही असेल. पोस्टरं तेव्हा भिंतीवर डकवून फाटण्यासाठीच छापायचे. उरलीत थोडी, म्हणून भाव.

मला फोटो आले. मग फोन. “आमच्या आज्जाच्या टॉकीजमधलं आहे काका, पहिल्या खेळाचं. घ्या की ओ, परत मिळायचं नाही.” मागच्या बाजूला जांभळा शिक्का, त्यात ‘बेळगाव, म्हैसूर राज्य’. तो शिक्का बघूनच मी यूपीआयनं पैसे पाठवले.

कुरिअर आलं, टेबलावर पसरलं. घडीच्या रेषा डोळ्यांना दिसतात, बोटाला लागत नाहीत. घड्यासुद्धा छापलेल्या! थिएटरला पोस्टर घडी घालून जायचं. जुना कागद घडीवर मोडलेला असतो, बऱ्याचदा तिथंच चिरतो. भिंगाखाली शाईचे बारीक, फवारल्यासारखे ठिपके. आजच्या प्रिंटरचे.

आणि तो शिक्का. १९५२ साली बेळगाव मुंबई राज्यात होतं. म्हैसूरला जोडलं १ नोव्हेंबर १९५६ ला. तो दिवस आपल्याकडे काळा दिवस पाळतात, माझे वडील दरवर्षी फेरीत चालायचे. त्यांच्या मुलाला शिक्का वाचून शंका आली नाही, याचं दुःख पैशापेक्षा मोठं आहे.

पोस्टर हातात घेऊन घडीवर नख फिरवल्याशिवाय पैसे देऊ नका. मागचा शिक्का साल जुळवून वाचा. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. मी लाजेनं चार दिवस घालवले, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

परवा निपाणीच्या मित्रानं फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. तेच पोस्टर, तोच शिक्का, आता १८,००० सांगतायत. डाव्या कोपऱ्यातला चहाचा डागही माझ्या पोस्टरावर आहे तसाच, त्याच जागी.