वारसनोंदीचे वकील : सात रस्त्याजवळील कार्यालयाचा अनुभव

वडील गेल्यावर वारसांची कागदपत्रे करून देणारे वकील सोलापुरात पुष्कळ आहेत. सात रस्त्याजवळच्या या कार्यालयाची मी मनापासून शिफारस करते, कारण तिथे कोणालाही सुतकात सही करू देत नाहीत.

आमच्या घरात दोन्ही भाऊ एकाच छताखाली वेगळ्या चुली मांडून राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मीही लग्नानंतर माहेरी क्वचितच येत असे. दहाव्याला घरी पोहोचले तेव्हा हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होता. तेराव्याला पाहुण्यांसमक्षच आईची आणि माझी सही व्हावी, असा थोरल्या भावाचा आग्रह होता. तपासणीसाठी तो मसुदा त्यानेच या वकिलांकडे नेला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि सर्व वारस समोर बसल्याखेरीज पुढे काही करणार नाही, असे स्पष्ट सांगितले.

तेराव्यानंतर आम्ही चौघे गेलो. घर वडिलांच्या स्वकमाईचे आणि मृत्युपत्र नाही, त्यामुळे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई आणि आम्ही तिघे भावंडे यांचा हिस्सा सारखाच. मोहोळकडच्या वडिलोपार्जित शेतीत २००५च्या दुरुस्तीने मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क. बँकेत नॉमिनी म्हणून एकाचे नाव लावलेले असले तरी ती रक्कम त्याच्या एकट्याची होत नाही. आणि सातबाऱ्यावर नावे लागली म्हणजे वाटणी झाली असे नव्हे. हे सारे त्यांनी चौघांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगितले. जिथे प्रत्येक गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून कळते आणि वाटेत बदलते, अशा घरासाठी हे फार मोलाचे होते. मग ते म्हणाले, “आई, आधी तुम्ही सांगा.” आईला आमच्या घरात असे कोणी विचारलेले मला आठवत नाही. आपला हिस्सा आपल्याच नावावर राहावा, असे ती शांतपणे म्हणाली. त्यावर थोरला भाऊ उठून बाहेर गेला. वकीलसाहेबांनी त्यालाही तितक्याच आदराने परत बोलावले.

उणिवाही आहेत. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, याचा आईला फार त्रास झाला. शुल्क तोंडी सांगतात, ते आधी लेखी मागून घ्यावे.

वारसनोंदीचे अर्ज दिले आहेत, वाटणी अद्याप व्हायची आहे. जाताना मृत्यूचा दाखला, सर्वांची आधार कार्डे, सातबारा आणि घराची मिळकत पत्रिका सोबत न्यावी, आणि घरातील स्त्रियांना अवश्य न्यावे.