जगभर फिरून काम करणारीनं केलेला अभ्यासिकेचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

दर्यापूरला एसटी स्टँडच्या बाजूला झेरॉक्सच्या दुकानावर जी अभ्यासिका आहे तिचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, कारण खाली थोड्या तक्रारीपण आहेत, आणि इथल्या पोरापोरींना जागा बरोबर कळेल. मी एमपीएससीवाली नाही. ब्रिटनच्या एका कंपनीसाठी ऑनलाइन सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि वर्षभर हेच काम थायलंड आणि मलेशियात राहून केलं, म्हणून तुलना करायला माझ्याकडं खरंच काहीतरी आहे.

आधी जागा. महिन्याला ६०० रुपये, मुलींचा वेगळा हॉल, १४ सीट, मधी प्लायचं पार्टिशन, प्रत्येक टेबलाला प्लग पॉइंट, ट्यूबलाईट चांगली, पुस्तकं ठेवायला छोटं लॉकर. फायबरचं कनेक्शन आहे, मी मोजलं तेव्हा ८०-९० एमबीपीएस आलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राउटर इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळं लाईन गेली तरी माझा कॉल कटत नाही. गावात आमच्या घरी डीपी जळली तर दोन दोन दिवस लाईन नसते, तिथून नोकरी होऊच शकत नाही. गाव इथून ९ किलोमीटर, बाबा गाडीवर सोडतात आणि रात्री घ्यायला येतात.

शिफ्टचं गणित सांगते, कारण फिरत काम करायचं स्वप्न बघणाऱ्यांपैकी फार कमी जण हे पाहतात. लंडनचे ९ ते ५ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारी अडीच ते रात्री साडेदहा, उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास पुढं जातं म्हणून दीड ते साडेनऊ. थायलंडच्या चियांग माईला होते तेव्हा लंडनला हिवाळा, म्हणजे दुपारी ४ ते रात्री १२. मग मलेशियाच्या पेनांगला आले, ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, पण तोवर लंडनचं घड्याळ बदललेलं, म्हणून तिथंही ४ ते १२ च. सकाळ पूर्ण आपली, हे खरंच सोन्यासारखं होतं. सकाळी सहाला दोई सुतेपच्या डोंगरावर जायचं, धुक्यातून खाली शहर उघडताना बघायचं, बाजारात फिरायचं, अन चारला लॅपटॉप उघडायचा. पण संध्याकाळ कधीच नव्हती. ज्या वेळेला माणसं एकमेकांना भेटतात त्याच वेळेला मी हेडफोन लावून बसलेली. वर्षभरात ओळखी खूप झाल्या, पण हक्काची म्हणावी अशी एकही नाही, कारण प्रत्येक जण दोन महिन्यांत पुढच्या देशात निघून जायचा.

व्हिसाचं पण नीट समजून घ्या. टुरिस्ट व्हिसावर लॅपटॉप उघडून काम करणं बहुतेक देशांत कागदोपत्री चालत नाही, लोक करतात तो भाग वेगळा. थायलंडनं जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा सुरू केला, ५ वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, पण खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे आपले १२ लाखांच्या वर. माझी सात वर्षांची सगळी शिल्लक तिथं दाखवली. मलेशियाचा डी ई रांताऊ पास आयटीवाल्यांना वर्षाला २४ हजार डॉलर कमाई असेल तर मिळतो. पोर्तुगालची खूप इच्छा होती, पण तिथं त्यांच्या किमान वेतनाच्या चौपट कमाई लागते, २०२५ ला महिना ३४८० युरो, ते मला नाही जमलं. टॅक्सचं सीएला आधीच विचारा, थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही टॅक्ससाठी तिथले रहिवासी होता. आणि कंपनीची लेखी परवानगी घ्या, नुसतं मॅनेजर हो म्हणाला तेवढ्यावर विमानात बसू नका.

चियांग माईला कोवर्किंगचे, म्हणजे भाड्यानं बसून काम करायच्या जागेचे, महिन्याला ३५०० बाट भरायचे, साधारण नऊ हजार रुपये. खुर्ची एक नंबर, कॉलसाठी काचेच्या बंद केबिन, कॉफी फुकट. ते सुख इथं नाही आणि ते मी खोटं सांगणार नाही. पण फेब्रुवारी ते एप्रिल तिथल्या डोंगरात आणि शेतात जाळपोळ चालते, त्या दिवसांत तिथली हवा जगातल्या सगळ्यात खराब शहरांत मोजली जाते. आपल्याकडं कपाशीची पऱ्हाटी पेटवल्यावर जसा वास येतो तसा, पण दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. रोज डोळे चुरचुरायचे. त्यातच २८ मार्च २०२५ ला म्यानमारला ७.७ चा भूकंप झाला, आमची बिल्डिंग हलली, पाच मजले उतरून रस्त्यावर आले, सगळीकडं लोक आपापल्या भाषेत घरी फोन लावून राहिले होते. मी आईला लावला. ती म्हणे, "जेवली का व?" तिला भूकंपाचं माहीतच नव्हतं. मी सांगितलं नाही, हो म्हटलं, अन मग रस्त्याच्या कडेला बसून रडले.

पेनांगला सहा महिने छान गेले, खाणं तर बाप्पा विचारूच नका, केळीच्या पानावर भात वाढणारी तमिळ माणसं होती म्हणून परकं वाटलं नाही. पण ऑक्टोबरात रात्री अकराला शिफ्ट चालू असतानाच बाबांचा फोन आला, आई अंगणात पडली, खुबा मोडला. पेनांग, क्वालालंपूर, मुंबई, तिथून अमरावती एक्सप्रेसनं मूर्तिजापूर, मग जीप. ३१ तास. पोचले तोवर ऑपरेशन झालेलं, जेवणखाण्याची, सहीशिक्क्याची सगळी धावपळ शेजारच्या काकांनी केली. त्या ३१ तासांचं मी अजूनही कुणाला नीट सांगू शकत नाही.

तेव्हापासून इथं आहे, म्हणून ही अभ्यासिका. पहिल्या दिवशी मी कॉल घेतला तर अभ्यासिकेचे काका धावत आले, "ताई, इथं बोलाचं काम नाई, पोट्ट्या अभ्यास करून राहिल्या." बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून जिन्याखालची खोली मोकळी करून दिली, झेरॉक्सच्या कागदाचे गठ्ठे एका बाजूला सरकवून टेबल टाकलं. आता रोज दोन तास मी त्या गठ्ठ्यांमधी बसून लंडनशी बोलते, आणि कागदाच्या गठ्ठ्यांमुळं आवाज घुमत नाही हे खरंच आहे.

तक्रारी. मुलींच्या हॉलमधल्या खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, मुलांकडं गादीच्या फिरत्या, हा फरक काऊन, मला कळत नाही, आठ आठ तास त्या पोरी बसतात. आपला भाग खारपाणपट्टा, नळाचं पाणी पिण्यासारखं नाही, म्हणून कॅन येतो, पण तो दुपारी तीनलाच संपतो. कूलर मार्चपासून लागला, हवा देतो पण आवाज इतका की हेडफोनमधून पण ऐकू येतो. संडास एकच, स्वच्छ असतो.

आणि चांगलं काय तर पोरी. दोन वाजता सगळ्या गॅलरीत डबे उघडतात, हिवाळ्यात माझी शिफ्ट त्याच्यानंतर लागायची म्हणून मीपण बसायचे. भाकर, ठेचा, पातोडीचा रस्सा, अंबाडीची भाजी, ज्याचं ते सगळ्यांचं. पोलीस भरतीची तयारी करणारी एक जण रोज एक प्रश्न विचारायची, तिकडं एकटी राहायला भीती वाटत होती का, पाळी आली तर पॅड कुठून आणायचे, पगार कोणत्या खात्यात येतो. मी सगळं खरं सांगायचे. रात्री एकटीनं चालत घरी जाता येत होतं हे सांगितलं तेव्हा ती डबा बंद करता करता थांबली. इथं हिवाळ्यात रात्री साडेदहाला बाबा स्वेटर घालून गाडीवर वाट बघत उभे असायचे. तो मोकळेपणा मला फिरण्यानं दिला, आणि तो मी विसरू शकत नाही, म्हणून आई चालायला लागली की परत जायचं मनात आहे, या वेळी तीन महिन्यांच्या वर नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जाशीन तं जाय, पण तिकीट दोन्हीकडचं काढ."

आता शिफ्ट दीडला सुरू होते, जिन्याखाली ऊन थेट येतं आणि पंखा नाही. काकांनी या आठवड्यात लावून देतो म्हटलंय. खुर्च्यांचं पण मी लेखी दिलंय, खाली सगळ्या १४ जणींच्या सह्या आहेत. दोन्ही झालं की पाचवा स्टार इथंच येऊन टाकते.