घाटात तापणारी जुनी गाडी आणि साताऱ्यातील गॅरेज
माझी 1999 सालची पेट्रोल गाडी खंबाटकी घाट चढताना हमखास तापत असे, आणि आधीच्या गॅरेजने काहीही न तपासता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचे सील, बदलण्याचा खर्च सांगितला होता. साताऱ्यातील या लहानशा गॅरेजच्या मिस्त्रींनी मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडले, गाडी सुरू करून पाण्यात बुडबुडे येत नाहीत, म्हणजे गॅस्केट शाबूत दिसते, हे मला दाखवले आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून पातेल्यात तापत ठेवलेल्या पाण्यात सोडला. सुमारे 82 अंशांना उघडू लागणारा तो व्हॉल्व्ह पाणी खदखदू लागले तरी जेमतेम नखभर उघडला. थर्मोस्टॅटविनाच गाडी चालवण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला त्यांनी दिला नाही, तर नवा थर्मोस्टॅट बसवला, हे मला फार मोलाचे वाटते. बसायला जागा नाही आणि काम संध्याकाळपर्यंत लांबले. पण पुढच्याच आठवड्यात भर उन्हात घाट चढताना तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही.