फेडरेशनचं सभासदत्व : पावसाळा ते होळी, एवढ्या वापरानंतर

फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी या हौशी फोटोग्राफर आणि त्यांच्या क्लबांच्या देशपातळीवरच्या संघटनेचं सभासदत्व गेल्या पावसाळ्यात घेतलं. आता होळी उलटली. जळगावकडचे बरेच जण विचारतात, घ्यावं का? पदकांसाठी नको. नजर तयार करायची असेल तर जरूर घ्या.

फेडरेशन 1953 सालचं, पण हौशींनी एकत्र यायची आपली खोड जुनी. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी 1853 ची, तर मुंबईची लगेच 1854 ला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. 1856 मध्ये कलकत्ता आणि मद्रासच्या निघाल्या. आणि खानदेशाचा संबंध? अजिंठ्याची चित्रं नकलून काढणारा मेजर रॉबर्ट गिल. त्याच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाच्या 1866 च्या आगीत जळाल्या, पण तोवर त्याने कॅमेरा हाती धरला होता. त्याची कबर भुसावळला आहे. (आपल्याला भुसावळ म्हटलं की फक्त जंक्शन आठवतं.)

मला खरा फायदा झाला तो सलॉनच्या, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांच्या, नेचर (निसर्ग) विभागाच्या नियमांचा. आंतरराष्ट्रीय सलॉनमधल्या 'नेचर'च्या व्याख्येत लागवडीची झाडं बसत नाहीत, पाळीव जनावरंही नाहीत. म्हणजे रावेरची केळी बाद, सारंगखेड्याचे घोडेही बाद! मग उरतो सातपुडा. पहाटे उठून पालच्या जंगलात जा. या विभागात फोटो क्रॉप करता (कडेने कापता) येतो, पण आड आलेली काडी पुसून टाकता येत नाही. त्यामुळे बटण दाबायच्या आधी दोन पावलं सरकायची सवय लागते. ही सवय लग्नाचे फोटो काढतानाही कामाला येते.

पदव्यांचं म्हणाल तर 1950 ला स्थापन झालेल्या 'फियाप' या जागतिक संघटनेत भारताच्या वतीने फेडरेशन आहे, आणि तिच्या एएफआयएपी (आर्टिस्ट फियाप) वगैरे पदव्यांचे अर्ज फेडरेशनमार्फत जातात. पण त्यासाठी स्वीकृत्या, म्हणजे सलॉनमध्ये निवडले गेलेले फोटो, जमवायच्या, आणि प्रत्येक सलॉनची फी वेगळी. खिसा सांभाळा. या नादात तोच फोटो सलॉनमागून सलॉनला फिरवणारेही पाहिले. होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात तर एका पावरा आजीला दहा-बारा लेन्सांनी घेरलं होतं, एक जण तिला "जरा इकडे, उजेडात" म्हणत होता. आजी वैतागून निघून गेली, बरं झालं.

धुळे-नंदुरबारच्या मंडळींनो, एकेकट्याने पैसे भरण्याआधी चार जण मिळून क्लब काढा. क्लबलाही सभासद होता येतं, आणि एकमेकांच्या फोटोंना तोंडावर नावं ठेवायला माणसं मिळतात.