डेमोत चार मुलं, वर्गात चाळीस : मुलांच्या ऑनलाइन अभिनयवर्गात पालक कसे फसतात

मुलांच्या ऑनलाइन अभिनयवर्गात फसलेल्या पालकांच्या हकिकती एकमेकींशी इतक्या जुळतात की एक नीट ऐकली की बाकीच्यांचा शेवट आधीच कळतो. सुरुवात फुकटच्या डेमोपासून होते. चार-पाच मुलं असतात, शिकवणारा खरोखर हुशार असतो, प्रत्येकाला नावानं हाक मारतो आणि घरी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारं मूल पंधरा मिनिटांत वाघाची डरकाळी फोडून दाखवतं. आईवडिलांना भरून येतं. ते शिकवणं खरं असतं, पण पैसे भरल्यावर ते पुन्हा वाट्याला येत नाही.

तासाभरात फोन येतो. सरांनी तुमच्या मुलीला खास निवडलंय, तिच्या चेहऱ्यात काहीतरी आहे, सवलत आज रात्रीपुरतीच आहे. बोलणं मूल शेजारी असताना, स्पीकरवर व्हावं असा आग्रह असतो, कारण 'निवडलंय' हा शब्द मुलानं ऐकला की पालकांना नाही म्हणणं जड जातं. असा फोन आला तर मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवा आणि त्या दिवशी एक पैसाही भरू नका. चांगल्या वर्गाला तुमचं मूल पुढच्या आठवड्यातही चालेल.

पुढचा सापळा हप्त्यांचा. वर्षाची फी एकदम जड वाटते, म्हणून 'बिनव्याजी सोपे हप्ते' सुचवले जातात. अनेकदा हे वर्गाला द्यायचे हप्ते नसतातच. एखाद्या वित्तसंस्थेनं तुमच्या नावावर कर्ज काढून पूर्ण रक्कम वर्गाला देऊन टाकलेली असते. मूल दुसऱ्या आठवड्यात कंटाळलं, वर्ग बंद पडला, शिक्षक बदलले, तरी कर्ज चालूच राहतं. ओटीपी सांगण्याआधी एकच प्रश्न विचारा : हा करार माझा कोणाशी होतोय? उत्तरात तिसरं नाव आलं तर थांबा. महिन्याच्या महिन्याला फी घेणारा वर्ग थोडा महाग पडला तरी तोच परवडतो.

आता खरा वर्ग. शिक्षक बदललेला असतो, पडद्यावर ३६ चौकोन असतात. ४५ मिनिटांतली ९ मिनिटं हजेरी, सूचना आणि 'माझा आवाज येतोय का' यांत जातात. उरलेली ३६ मिनिटं ३६ मुलांत वाटली की प्रत्येकाला एक मिनिट. बाकी वेळ मूल दुसऱ्यांना बघत खुर्चीत बसलेलं असतं. करारातली 'सत्रं' मोजायला गेलात तर आधीच चित्रित करून ठेवलेले व्हिडिओही सत्र म्हणून धरलेले सापडतात. म्हणून फी भरण्याआधी डेमोऐवजी चालू बॅचचा एक वर्ग बघायला मागा, हातात घड्याळ घ्या आणि कोणतंही एक मूल निवडून ते किती मिनिटं प्रत्यक्ष काही करतंय ते मोजा. ४५ मिनिटांत पाचसहा मिनिटंही भरली नाहीत तर तो वर्ग अभिनयाचा नाही. सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी एका शिक्षकामागे आठ-दहा मुलं आणि सोबत एक मदतनीस, याच्या वर गेलं की शिकवणं पातळ होतं. मुलांना जोडीजोडीनं व्हिडिओ कॉलमधल्याच वेगळ्या खोल्यांत (ब्रेकआउट रूम) पाठवलं तर प्रत्येकाचा वेळ वाढतो खरा, पण त्या खोल्यांत एखादं मोठं माणूस सतत फिरतं हवं.

शिकवणाऱ्याला माध्यम कळतं का, हे दहा मिनिटांत ओळखता येतं. जाणकार शिक्षक पहिल्याच वर्गात मुलाला कॅमेऱ्यापासून दीडदोन मीटर मागे उभं करतो, म्हणजे पायापर्यंत शरीर दिसतं. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, हे सांगतो. आवाजाच्या सेटिंगकडे लक्ष देतो, कारण व्हिडिओ कॉलची ॲप गोंगाट गाळताना टाळी, पावलांचा आवाज, कुजबुज हेसुद्धा गाळून टाकतात. झूममध्ये त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय असतो. आणि तो सगळ्यांना एका सुरात संवाद म्हणायला कधीच लावत नाही. व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा उशिरानं पोहोचतो. १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर गप्पांत सहसा जाणवत नाही, पण एका तालात म्हणताना तेवढ्यानंही सगळं विस्कटतं. माइक उघडे ठेवून तीस मुलांकडून एकत्र कविता म्हणवून घेणारा माणूस वेळ भरतोय, एवढं पक्कं समजा. आरशाचा खेळ, म्हणजे एकानं हालचाल करायची आणि दुसऱ्यानं तिचं प्रतिबिंब व्हायचं, हा ऑनलाइनही जमतो. मात्र पुढाकार घेणाऱ्यानं फार सावकाश हलायचं असतं. हे ज्याला सांगावं लागत नाही त्यानं तो खेळ असा घेऊन बघितलेला असतो.

सगळ्यात जास्त फसवणूक आत्मविश्वासाच्या नावाखाली होते आणि पालकांना ती सगळ्यात उशिरा कळते. या वर्गांत प्रत्येक मुलाला प्रत्येक वेळी 'सुपर्ब' मिळतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो असं मांडलं : स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं, इतरांचं पटवणं आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम. नुसत्या शब्दांनी आलेला विश्वास पहिल्या अपयशात ढासळतो, आणि हे वर्ग विकतात ते नेमके शब्दच. मुलांसाठी नाट्यखेळ रचणाऱ्या व्हायोला स्पोलिन तर शाबासकी आणि नापसंती या दोन्हींपासून सावध राहायला सांगत. शिक्षकाच्या तोंडाकडे बघून खेळणारं मूल खेळात उरत नाही.

यात भर पडते त्या 'शोरील'ची. महिन्याच्या शेवटी पालकांना एक चकचकीत व्हिडिओ येतो. मूल न अडखळता संवाद म्हणतंय, मागे संगीत आहे. तो बनतो कसा, ते बघा. संवाद पडद्यावर लिहिलेले असतात, मूल ते वाचतं, चुकलं की पुन्हा घेतात आणि बरे तुकडे जोडतात. म्हणजे चूक झाली की थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं, हीच सवय मुलाला लागते. रंगमंचावर ही सोय नसते. प्रामाणिक वर्गात विसरण्याचीच तालीम होते : शिक्षक मुद्दाम मध्येच चुकीचं वाक्य टाकतो, जोडीदार गप्प बसतो, आणि मुलानं श्वास घेऊन, प्रसंग धरून, स्वतःच्या शब्दांत पुढे जायचं असतं. आठ-दहा वेळा असं सावरलेलं मूल स्नेहसंमेलनात ओळ विसरलं तरी उभं राहतं. शोरीलवालं मूल विंगेकडे बघत गोठतं, आणि 'मी तर सुपर्ब होते ना' हा प्रश्न घेऊन घरी येतं. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे. म्हणून पालकांनी मागायचा तो कापाकापी न केलेला, एका दमात घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ. त्यात चुका असल्या तर उत्तम.

'तीस दिवसांत बुजरेपणा गायब', 'तोतरेपणावर खात्रीचा इलाज' असं लिहिलेलं दिसलं तर तिथंच मागे फिरा. अडखळत बोलणाऱ्या मुलाला वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्यावं. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून अधिक काळ शब्दही काढत नसेल, तर त्याला आधी बालमानसतज्ज्ञानं बघायला हवं. त्याला पडद्यावर ३६ जणांपुढे ढकललं तर भीती वाढते.

दोनतीन महिन्यांनी भूमिकेचं आमिष येतं. 'मालिकेसाठी मुलं हवीत, आधी नोंदणी, मग पोर्टफोलिओ, मग कार्यशाळा', प्रत्येक पायरीला वेगळी रक्कम. खरी निवडचाचणी देण्यासाठी पैसे लागत नाहीत, आणि प्रामाणिक एजंट आपलं कमिशन काम मिळाल्यावर त्या मानधनातून घेतो. मुलाची मापं, कमी कपड्यांतले फोटो, पालकांशिवाय एकट्यानं व्हिडिओ कॉल, वेगळ्या नंबरवर मुलाशी थेट चॅट, यांतलं काहीही मागितलं गेलं तर तो केवळ पैशांचा मामला राहत नाही. स्क्रीनशॉट काढा, संपर्क तोडा आणि पोलिसांत जा.

फसवणूक झालीच असेल तर फोनवर भांडू नका. फोनवर 'मॅनेजरशी बोलून सांगतो' यात महिने जातात आणि परताव्याची मुदत उलटते. जाहिरात, डेमोत दिलेली आश्वासनं, मुलांची संख्या दिसेल असे वर्गाचे स्क्रीनशॉट, पावत्या आणि करार तारीखवार एकत्र करा. वर्गाला ईमेल लिहून काय कबूल केलं होतं आणि काय मिळालं ते आकड्यांत मांडा, परताव्यासाठी ठरावीक तारीख द्या. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून वर्गाच्या फीसाठी खात्यातून आपोआप होणारी वजावट थांबवायला सांगा. कार्डानं पैसे भरले असतील तर व्यवहाराबद्दल वाद नोंदवा, त्याला मुदत असते. कर्ज असेल तर हप्ते परस्पर बुडवू नका, त्यानं तुमचीच पत बिघडते. वित्तसंस्थेला वेगळं पत्र लिहून सेवा मिळाली नसल्याचं कळवा आणि पोच घ्या. मुलाचे व्हिडिओ आणि फोटो जाहिरातींतून व साठ्यातून काढून टाकण्याची मागणी निराळ्या ईमेलमध्ये करा. एकाच पत्रात दोन्ही लिहिलं की पैशांच्या चर्चेत ती मागणी बाजूला पडते आणि मुलाचा चेहरा पुढच्या डेमोच्या जाहिरातीत तसाच फिरत राहतो.